पोचूच्या दाढेतला कट

१

मोहबोडी गावच्या धानाचं बी उगवलं नाही ही बातमी मूल शहराच्या बाजारात आली मंगळवारी, आणि ज्याच्या राखणीत ते बी होतं तो पोचू कुमरे डॉक्टर संघप्रिया खोब्रागडेच्या खुर्चीत येऊन बसला बुधवारी सकाळी. बसला आणि म्हणाला, "बाई, दाढ उपटून द्या."

संघप्रिया सात वर्षं मूलमध्ये दातांचा दवाखाना चालवत होती. 'उपटून द्या' हे शब्द ती दिवसातून दहादा ऐकायची आणि दहादा तिचं डोकं फिरायचं. लोकांना दात म्हणजे जणू बांधावरचं तण वाटतं.

"आधी कुठी दुखते ते तर सांगा, भाऊ."

"तेच तं सांगता येत नाई. उजव्या बाजूले, खाली. पन सारखी नाई दुखत. घास चावला तं काई होत नाई. चावून सोडला, का मंग कळ येते, डोस्क्यापर्यंत जाते. थंड पानी लागलं तरी तसंच."

संघप्रियाचा आरशाकडे गेलेला हात थांबला. "चावताना नाही? सोडताना?"

"सोडताना."

तिने दाढेचा एक्स-रे फोटो काढला. फोटोत दाढ ठणठणीत होती. कीड नाही, मुळाशी पू नाही. वीसेक वर्षांपूर्वी कुठल्याशा शिबिरात भरलेली मोठी चांदी तेवढी दिसत होती, आणि त्या चांदीचा एक कोपरा उडालेला होता. तोंडात आरसा धरून पाहिलं, तर उडालेल्या जागी धातू अजून चकाकत होता, म्हणजे जखम ताजी होती.

"हा तुकडा कधी पडला?"

"कोन्ता तुकडा?" पोचूला पत्ताच नव्हता.

"बरं, उपटायची एवढी घाई काऊन?"

पोचू साठीला टेकलेला, बोलण्यात मोजका माणूस. कमरेच्या करदोट्याला एक किल्ली बांधलेली होती, तिला तो सारखा हात लावत होता. "शुक्रवारी गाव बसनार हाये," तो म्हणाला. "काजळसाळीचं बी मी इकलं म्हनतात. मले गावापुढे बोलाचं हाये. तोंड उघडलं का कळ येते, तोंड वाकडं होते. लोक म्हनतील, खोटं बोलून राह्यला म्हनून असं करते."

काजळसाळ म्हणजे मोहबोडीचा काळ्या टरफलाचा वासाचा धान. तो आता दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. चार पोती बी, तेवढंच सगळं. ते गेलं तर वाण गेलं. आणि शुक्रवारी निकाल विरुद्ध गेला तर कुमऱ्यांच्या घरात पाच पिढ्या असलेली ती किल्ली जाणार होती, आणि त्या घरच्या कोणालाही पुढे बियाला हात लावता येणार नव्हता. पेरणीच्या दिवशीसुद्धा नाही.

"दुखणं सुरू कधी झालं ते आठवते?"

"आठवते ना. मांगच्या मांगच्या गुरुवारी, बी तपासलं त्या दिवशी. दाना दाढेखाली घेतला अन्..." पोचू अडखळला.

"अन् काय?"

"काई नाई. दाना चांगला होता. कट आला होता. साऱ्यांनी ऐकला."

२

धान वाळलं की नाही हे पाहायला या भागात कोणी यंत्र शोधत बसत नाही. दाणा दाढेखाली घ्यायचा आणि दाबायचा. नीट वाळला असेल तर 'कट' असा आवाज होऊन त्याचे दोन तुकडे पडतात. ओला असेल तर तो नुसता चेपतो. मोहबोडीत बी ढोलीत भरताना तीन जण असा कट पाहतात. ढोली म्हणजे बांबूची, शेणामातीने लिंपलेली कणगी. तिच्या तोंडावर माती थापतात आणि चावलेले तीन दाणे त्या ओल्या मातीत दाबतात. त्यांना साक्षीचे दाणे म्हणतात. गावाचा सहीशिक्का म्हणजे तेच.

"यंदा साक्षी कोण होते?" संघप्रियाने विचारलं. विचारता विचारता तिने एक छोटी लाकडी काडी पोचूच्या दाढेच्या एका टोकावर ठेवली. "चावा. दाबून धरा. आता सोडा."

काही झालं नाही. तिने काडी दुसऱ्या टोकावर ठेवली.

"मी," पोचू काडीच्या कडेने बोलत होता, "मुखरू भोयर, अन् तुमच्या मूलच्या मिलचा प्रफुल्ल. पारखी हाये म्हनून यंदा त्याले बोलावलं."

"चावा. सोडा."

पोचू खुर्चीतून वीतभर उडाला. डोळ्यांत पाणी आलं. संघप्रियाला त्याची दया आली आणि, खरं सांगायचं तर, आनंदही झाला. तिने खोलीतला दिवा मालवला आणि बारीक बॅटरी दाढेला बाजूने लावली. चांगल्या दाढेत उजेड आरपार पसरतो. इथे तो अर्ध्या वाटेत थांबला. अलीकडे उजेड, पलीकडे अंधार, आणि मध्ये एक सरळ रेघ.

"भाऊ, तुमच्या दाढेला तडा गेला आहे. फोटोत तडा दिसत नाही, म्हणून लोक वर्षवर्ष गोळ्या खात फिरतात. चावलं की तडा जरासा उघडतो, सोडलं की फटकन मिटतो, आणि आतली नस चिमटते."

तिने आधी दाढेची छाप घेतली, कारण दाढेवर बसवायची टोपी बनवायला ती लागते. मग भूल देऊन जुनी चांदी कोरून काढली आणि निळी शाई लावून पुसली. शाई रेघेत शिरून बसली. रेघ पुढून मागे गेली होती, पण बारीक सळईने चाचपल्यावर हिरडीखाली उतरलेली दिसली नाही. दाढ वाचणार होती.

"धानाचा दाणा चावून दाढ फुटत नाही," ती शाई पुसत म्हणाली. "खडा होता का?"

"दानाच होता." पोचूची जीभ भुलीने जड झाली होती. "पन आमच्या गावच्या सुगंधाबाईनं परवा त्यातला दाना सोलून पाह्यला. आत पिवळा, काचेवानी. उसना."

संघप्रिया मूलचीच. राईस मिलच्या धुराखाली वाढलेली. साधा तांदूळ अरवा, आणि धान उकळून, वाळवून काढलेला तो उसना. उकळलेलं बी उगवत नाही हे पोरंसोरंही सांगतील. पण उसना वाळला की खड्यासारखा टणक होतो, हे तिच्या खुर्चीत बसलेल्या माणसांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिने हातमोजे काढले. "भाऊ, दाणा चावला तेव्हा तुम्ही त्याचे दोन तुकडे पाह्यले?"

"नाई. डोळ्यापुढं अंधारी आली. मातीत दाबून दिला."

"मग ऐका. तुम्ही ऐकला तो कट दाण्याचा नव्हता. तुमच्या दाढेचा होता."

३

गावाचं म्हणणं सरळ होतं. गुरुवारी तिघांनी बी तपासलं, ते चांगलं होतं. पुढे किल्ली पोचूकडे. म्हणजे बी बदललं ते पोचूने. पण त्या गुरुवारीच ढोलीत उसना असेल, तर चोरी आधीच झाली होती.

"त्याच्या आधी बी होतं कुठी?"

"इथीच, मूलले," पोचू म्हणाला. "मशीनवर साफ कराले. तीन दिवस मिलमदी होतं. चंदनभाऊनं गाडीत आनलं अन् परत नेलं. तिन्ही दिवस तो तिथीच होता म्हने."

चंदन हा वाणाची नोंदणी करून देणाऱ्या संस्थेचा तरुण कार्यकर्ता. मशीनवर साफ करायची कल्पनाही त्याचीच.

पोचू तात्पुरती टोपी बसवून गेला आणि तासाभरात दारात प्रफुल्ल उभा राहिला. मिलमध्ये येणारं धान पारखायचं काम त्याच्याकडे होतं. तिशीतला, दिलदार, हसला की सगळी ओळ दिसायची. महिन्यापूर्वी तो दात साफ करून घ्यायला आला होता.

"मॅडम, पोचूभाऊ आलते म्हने. दाढ काढली का?"

"नाही काढली."

"काढून टाका ना बाप्पा. गरीब मानूस, कायले चकरा मारते?" तो बाकावर टेकला. "मले तं लय वाईट वाटून राह्यलं. त्याईचं बी मीच साफ करून देल्लं, राखबी मीच चोळून देल्ली, बायांचं काम वाचावं म्हनून. अन् मानसानं असं करावं?"

बियाला कीड लागू नये म्हणून राख चोळतात. संघप्रियाने मान डोलवली. "तुम्ही साक्षीदार होता ना? तुम्हाला काही जाणवलं नाही?"

"काई नाई. एक नंबर बी होतं." प्रफुल्लने आपल्या दाढेवर बोट आपटलं. "मॅडम, ह्या दाढेले मशीन हारते. तेरा टक्के ओल हाये का चौदा, दाना टाकल्याबरोबर सांगतो. मालकाले विचारा."

विचारायची गरज नव्हती. दात साफ करताना हेच त्याने तिला दोनदा सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. इतक्या सुंदर दाढा तिने मूलमध्ये दुसऱ्या पाहिल्या नव्हत्या.

तो गेल्यावर तिने पोचूच्या छापेत प्लास्टर ओतायला घेतलं. एका माणसाला दुसऱ्याच्या दाढेची एवढी काळजी का असावी? आणि ती उपटलीच जावी असं का वाटावं? पण नुसत्या वाटण्यावर गाव ऐकत नाही. उद्या कोणीही म्हणेल की पोचूने घरी सुपारी फोडताना दाढ फोडून घेतली आणि डॉक्टरीणबाईने गोष्ट रचली. तिच्या हातात पुरावा म्हणून काहीच नव्हतं, आणि मध्ये एकच दिवस होता.

गुरुवारी तिने दवाखान्याला कुलूप लावलं, छापेवरून ओतलेली प्लास्टरची दाढ डबीत घातली आणि स्कूटी वैनगंगेच्या पुलाकडे वळवली.

४

मोहबोडी पुलापलीकडे, गडचिरोलीच्या हद्दीत, जंगलाला खेटून. गावात गोंडांची घरं जास्त, कुणब्यांची थोडी. अंगणाअंगणात मोहाच्या टोळी, म्हणजे फळातल्या बिया, फोडायचं काम चाललं होतं, पण बाया नेहमीसारख्या बोलत नव्हत्या. संघप्रिया जवळून गेली की दगडाची ठकठक थांबायची आणि ती पुढे गेली की पुन्हा सुरू व्हायची.

पहिला भेटला मुखरू. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्यावरून त्याचं आणि पोचूचं दहा वर्षं वाकडं. तोंडात एक दाढ शिल्लक नसलेल्या मुखरूचा पोचूवर मात्र पक्का दात होता. त्याची शेवटची दाढ हिवाळ्यात संघप्रियानेच काढली होती आणि कवळीही तिनेच बसवून दिली होती.

"मुखरूभाऊ, तुम्ही त्या दिवशी दाणा चावला?"

"चावला ना." मुखरूने नजर शेताकडे वळवली.

"कवळी लावून?"

मुखरूचा चेहरा उतरला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, माह्या बापानं साक्ष देल्ली, आज्यानं देल्ली. मले दात नाई म्हनून कोन्या तोंडानं सांगू? पोचूचा कट ऐकला, म्हनलं बरोबरच असन. दाना तसाच काढून मातीत दाबला." मग जरा थांबून म्हणाला, "पोचू मले आवडत नाई. पन त्याच्यावर माहा इतका भरोसा हाये."

हे उद्या गावापुढे सांगाल का, असं तिने विचारलं. मुखरू शेताकडे चालू लागला.

सुगंधाबाई ही गावच्या बायांच्या गटाची म्होरकी. बी उगवतं का पाहायला मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधले ते तिनेच. पाच दिवसांत एकाला मोड आला नाही, तेव्हा दाणा सोलून पाहिला तोही तिनेच. कपाळाला आठ्या घालून ती बोलत होती. "मी पोचूभाऊले चोर नाई म्हनत. पन किल्ली त्याच्याच कमरेले हाये. दुसऱ्या कोनाचं नाव घेऊ मी?"

"बाई, ढोली उघडली तेव्हा तोंडावरची माती फोडली असेल. तिचं काय केलं?"

"साक्षीची माती फेकत नाई. रोपाचे पऱ्हे टाकले का बोडीत सोडतो. पेनठान्यापाशी ठेवली हाये."

संघप्रिया तिच्यामागून निघाली. पेन म्हणजे गोंडांचे देव. त्यांच्या जागेपाशी, कडेच्या झाडाखाली, सुपात मातीचं ढेकूळ होतं. ती आपल्या देवाची जागा नव्हे हे ओळखून ती लांब उभी राहिली. सुगंधाबाईनेच सूप आणून दिलं.

ढेकळात तीन दाणे रुतलेले होते. कट झालेल्या दाण्याचे दोन तुकडे असायला हवेत. तिन्ही दाणे अख्खे होते.

५

"हे तं पोचूनंबी करून ठेवलं असन," मागून आवाज आला. "बी बदललं, नवी माती थापली, उसने दाणे दाबून दिले. माती काय, कोणीही थापतो."

बोलणारा चंदन होता. घामाघूम, हातात मोबाईल. आणि तो म्हणाला ते बरोबर होतं. संघप्रियाला त्याचा राग आला तो म्हणूनच.

तिने दवाखान्यातून आणलेला चिमटा काढला आणि भिंग डोळ्याला लावून तिन्ही दाणे पाहिले. एकावर ओरखडासुद्धा नव्हता, तो मुखरूचा असणार. दुसऱ्यावर दाताची हलकी खूण. तिसऱ्याच्या टरफलावर मात्र खोल दाब उमटलेला होता, आणि त्याला चिकटून, मातीत अर्धा बुडालेला, तिळाएवढा काहीतरी चकाकणारा कण.

तिने श्वास रोखून तो कण उचलला. दुसऱ्या हाताने डबी उघडून प्लास्टरची दाढ बाहेर काढली. चांदीचा कोपरा उडालेली जागा छापेत जशीच्या तशी उतरली होती. कण तिथे ठेवला. फिरवला. पुन्हा फिरवला. तिसऱ्या वेळी तो खाचेत असा बसला की चिमटा काढला तरी हलला नाही.

सुगंधाबाई खाली वाकून पाहत होती. तिला काय घडलं ते कोणी समजावून सांगावं लागलं नाही. "म्हंजे ही माती त्याच दिवशीची," ती हळूच म्हणाली. "अन् हा दाना तोच."

चंदनने मोबाईल खिशात सरकवला.

"चंदन, बी मूलला होतं ते तीन दिवस तुम्ही तिथेच होता, असं तुम्ही गावाला सांगितलं," संघप्रिया म्हणाली.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "नव्हतो, मॅडम. बल्लारपूरले गेलो होतो, घरी. बहिणीले पाहायले पाहुणे येणार होते. प्रफुल्लभाऊ म्हणाले, तुम्ही जा, मी पाहतो. तिसऱ्या दिवशी गेलो तं पोती भरून, राख चोळून, शिवून तयार होती. मी एक दाणाही नाही पाह्यला." त्याने चेहरा ओंजळीत लपवला. "संस्थेले कळलं तं काढून टाकतील. म्हणून बोललो नाही. पोचूकाकाची किल्ली जायची वेळ आली तरी बोललो नाही."

"तुमच्या मोबाईलमध्ये काय आहे?"

"तपासणीचा व्हिडिओ."

तिघांनी तो मोहाखाली उभं राहून पाहिला. पोचू दाणा चावतो, 'कट' असा स्वच्छ आवाज, आणि त्याचा हात गालाकडे जातो. मुखरू चावल्यासारखं करतो. मग प्रफुल्ल. दाणा दाढेवर ठेवतो, अगदी अलगद, कोणी तापल्या तव्याला बोट लावावं तसा. आवाज येत नाही. तो हसतो. म्हणतो, "कट एक नंबर."

"ह्यानं काई सिद्ध होत नाई," सुगंधाबाई म्हणाली. "तो म्हनन, माही चूक झाली, मले समजलं नाई. मंग आपन काय करनार? अन् बी कुठी हाये ते तं सांगनारच नाई."

"त्याला समजलं होतं, हे त्याच्याच तोंडून यायला पाहिजे," संघप्रिया म्हणाली. "उद्या त्याला साक्षीला बोलवा. आणि मला दोन वाट्या धान द्या."

६

शुक्रवारी सकाळी सगळं गाव बोडीच्या काठावर बसलं. पोचू एका बाजूला एकटाच. त्याच्याजवळ कोणी बसलं नव्हतं. प्रफुल्ल मोटारसायकलवरून आला, मोठ्यांना हात जोडून पुढे बसला.

पोचूने आपलं म्हणणं मांडलं. दोनच वाक्यं. "मी बी इकलं नाई. मी कट ऐकला, म्हनून कट हाये म्हनलो." तोंड वाकडं झालं नाही. टोपीने तेवढं काम केलं होतं.

मग सुगंधाबाईने डॉक्टरीणबाईला उठवलं.

"मला धानातलं फार कळत नाही," संघप्रिया म्हणाली, "म्हणून प्रफुल्लभाऊंना विचारते. उसना आहे का अरवा, हे एका दाण्यात कळतं का? का पोचूभाऊंची खरोखरच चूक झाली असेल?"

"चूक कशी होईन?" प्रफुल्ल गावाकडे वळला. "ज्याले येवढं नाई कळत तो राखनदारच नाई. लहान पोरगं सांगन."

"राख चोळलेली असली तरी?"

"राख डोळ्याले फसवते, मॅडम. दाढेले नाई."

"दाखवाल?"

तिने दोन वाट्या पुढे केल्या. दोन्हींत राख चोळलेलं, सारखंच काळपट धान. प्रफुल्लने हसून डोळे मिटले, जणू बाजारात पैज लागली होती. पहिला दाणा कटकन फुटला. "अरवा. मांगच्या सालचा. ओल बारा." दुसरा दाणा त्याने दाढेवर नुसता टेकवला आणि लगेच बाहेर काढला. "उसना. हा चावाचाच नाई. दाढ जाईन."

"चावलाच नाही तरी कळलं?"

"टेकवला का समजते. म्हंजे पाहा, पोचूभाऊ खोटं बोलला."

मग संघप्रियाने सुपातलं ढेकूळ उचललं आणि एकेक गोष्ट सांगितली. पोचूची फुटलेली दाढ, चांदीचा उडालेला कण, तो ज्या दाण्याला चिकटून सापडला तो अख्खा दाणा. सुगंधाबाईने तो दाणा सगळ्यांपुढे नखाने सोलला. आत पिवळा, काचेसारखा.

"म्हणजे त्या गुरुवारी ढोलीत उसनाच होता," संघप्रिया म्हणाली. तिने ढेकूळ पुढच्या रांगेकडे सरकवलं. "आणि तिघांनी कट आहे म्हणून सांगितलं. पोचूभाऊंनी स्वतःच्या दाढेचा आवाज ऐकला. दुसरे साक्षीदार..."

ती थांबली. पुढचं सांगायचं की नाही ते मुखरूने ठरवायचं होतं.

मागच्या रांगेत मुखरू उठला. खिशातून कवळी काढून त्याने तळहातावर धरली, सगळ्यांना दिसेल अशी. "मले दात नाई," तो म्हणाला. "मी चावलाच नाई. पोचूवर भरोसा ठेवला." आणि जाऊन पोचूच्या शेजारी बसला.

"राहिले तिसरे," संघप्रिया म्हणाली. "मूलमधली सगळ्यात चांगली दाढ. टेकवला की समजते."

चंदनने मोबाईलचा आवाज वाढवून वर धरला. 'कट एक नंबर,' प्रफुल्लचा आवाज बोडीवरून फिरून आला.

प्रफुल्लची दातखीळ बसली. त्याने एकदा मोटारसायकलकडे पाहिलं, पण तिच्याजवळ चारपाच बाया आधीच जाऊन उभ्या होत्या. शिव्या कोणी दिल्या नाहीत. तो बोलायची वाट पाहत सगळे बसून राहिले, आणि ते त्याला जास्त जड गेलं.

"माह्या घरी हाये. माळ्यावर," शेवटी तो म्हणाला. "चारी पोती. एका दान्यालेबी हात नाई लावला."

"उसना काऊन भरला?" सुगंधाबाईने विचारलं. "दुसरं धान भरलं असतं तं आमाले कार्तिकातल्या कापनीपर्यंत समजलं नसतं."

"दुसरं उगवलं असतं. मंग तुमी शोधलं असतं, कोनी बदललं म्हनून." प्रफुल्लची मान खाली होती. "उगवलंच नाई तं म्हनता, बी मेलं, राखनदारानं नीट नाई राखलं. मेलेलं बी कोन शोधते? दोन वर्षांनं तेच वान माह्या नावानं नोंदवलं असतं."

पोचू उठला. चालत त्याच्यापुढे गेला. संघप्रियाला वाटलं, आता हा मारणार. पोचूने करदोट्याची किल्ली सोडली आणि प्रफुल्लच्या डोळ्यांपुढे धरली. "माहा आजा मरताना ही किल्ली मुठीत होती. बोटं उघडून काढा लागली. तू तिले चोराची किल्ली केली." एवढंच बोलून तो परत जागेवर जाऊन बसला, आणि तेव्हा कुठे त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

प्रफुल्लचं काय करायचं ते गावाने आणि पुढे पोलिसांनी ठरवलं. पोती दुपारच्या आत परत आली.

ढोली पुन्हा भरायची म्हणजे पुन्हा साक्ष हवी. माती ओली करून ठेवली होती. पोचूने दाणा घेतला आणि संघप्रियाकडे पाहिलं.

"डाव्या बाजूने," ती म्हणाली. "उजवीकडे तीन आठवडे काही कडक नाही. पक्की टोपी बसेपर्यंत."

कट. पोचूने घाई केली नाही. त्याने दाणा तळहातावर काढला, दोन तुकडे नीट पाहिले, शेजारच्याला दाखवले आणि मगच म्हणाला, "हाये." मुखरूने या वेळी कवळी लावून चावायचा प्रयत्न केला, हार मानली, आणि दाणा सुगंधाबाईच्या हातात दिला. तिने चावला. तीही 'हाये' म्हणाली. बाईने साक्ष दिल्याचं मोहबोडीत कोणाच्या आठवणीत नव्हतं, पण कोणी हरकत घेतली नाही.

तिसरी जागा रिकामी होती. पोचूने ढोलीतून एक दाणा निवडला, राख फुंकली आणि हात संघप्रियापुढे केला.

"भाऊ, मी दातांची डॉक्टर आहे. लोकांना दाताने काही फोडू नका म्हणून सांगते."

"म्हनूनच तं," पोचू म्हणाला.

सगळं गाव तिच्या तोंडाकडे पाहत होतं. तिने दाणा दाढेखाली घेतला, डोळे मिटले आणि दाबला. आवाज झाला, आणि क्षणभर तिच्या अंगावर काटा आला, दाढ की दाणा? मग जिभेला दोन तुकडे लागले, आणि मागोमाग काजळसाळीचा तो वास नाकात चढला.

तिने दोन्ही तुकडे ओल्या मातीत, पोचूच्या तुकड्यांशेजारी, अंगठ्याने दाबले.